पहिली रोड रेस आणि बाबांची अट

प्रश्न : माझी मुलगी २० वर्षांची, एसवाय बीकॉमला आहे. हिरावाडीच्या ट्रॅकवर सराव करते. १०,००० मीटरला तिची वेळ ३५ मिनिटं ४० सेकंद आहे. एका बुटांच्या कंपनीने वर्षाचा करार देऊ केलाय आणि पुढच्या महिन्यात ती १० किलोमीटरची रोड रेस पळणार आहे, पहिल्यांदाच प्रोफेशनल म्हणून. मी तिला सांगितलंय, पहिल्या तिनात आलीस तर पुढे पळ, नाहीतर एमपीएससीचा क्लास. क्लासची अर्धी फी भरलीही आहे. कविता राऊत नाशिकचीच ना, मग हिला का जमू नये? दुसरं, प्रोफेशनल झाली की सरकारी नोकरीतला खेळाडूंचा कोटा जातो का? हल्ली ती रात्रीची जेवत नाही, रोडवर हलकं असावं लागतं म्हणते.
– एक वडील, सातपूर, नाशिक

उत्तर : अर्धी फी भरून मोकळे झालात म्हणजे निकाल तुम्ही आधीच लावून टाकलाय. शर्यत फक्त सहीपुरती उरली. हे मुलीला कळत नसेल असं समजू नका. घरात फीची पावती कुठल्या डब्यात ठेवलीय ते मुलांना आपल्याआधी ठाऊक असतं.

ही अट तिच्या पायांवर काय परिणाम करील ते सांगतो. ट्रॅकवर १०,००० मीटर म्हणजे २५ फेऱ्या. कडेला कोच घड्याळ घेऊन उभे असतात, दर फेरीला सेकंद ओरडून सांगतात. तुमच्या लेकीच्या वेळेने एक फेरी साधारण ८६ सेकंदांची पडते, ती तिच्या अंगवळणी पडली असणार. रस्त्यावर ओरडणारं कुणी नसतं. उड्डाणपुलाचा चढ येतो, काटकोनात वळायचं असतं, शेजारची अनोळखी मुलगी सुसाट सुटलेली असते. तिने किलोमीटरला ३ मिनिटं ३४ सेकंद धरून राहायला हवं. पण ‘तिसरी आले नाही तर सोमवारी क्लास’ हे डोक्यात घोळत असेल तर पहिला किलोमीटर ती ३:२० ने काढणार. सातव्या किलोमीटरला पोटऱ्या भरून येतील आणि मागच्या मुली एकेक करून पुढे जातील. मग तुम्ही म्हणाल, बघ, सांगत होतो. अहो, तिला तुम्हीच पळवलंत तसं.

शिवाय पहिल्या तिनात हा आकडा आणला कुठून? मोठ्या शर्यतीत रेल्वेच्या, पोलिसांच्या संघातल्या मुली असतात, वर्षानुवर्षं पळून तयार झालेल्या. पहिल्याच खेपेला ठरवलेल्या वेगाने शेवटपर्यंत पळाली आणि ३६ मिनिटांच्या आसपास आली, तर सातवी आली तरी मी तिला पास म्हणेन.

आता कविताचं. नाशिकच्या प्रत्येक धावपटूच्या आईबाबांकडून हे नाव येतंच, यायलाच हवं. पण पुरं घ्या. सावरपाड्याच्या कविता राऊतचा जन्म १९८५ चा. दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्य आणि ग्वांग्झूच्या एशियाडमध्ये रौप्य, दोन्ही २०१० साली, म्हणजे वयाच्या पंचविशीत. ग्वांग्झूला ती ३२ मिनिटांच्या आत पळाली होती. रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन २०१६ ची, तेव्हा ती ३१ वर्षांची होती. लांब पल्ल्याचे पाय असे सावकाश पिकतात. तुमची लेक विशीत आहे आणि तुम्ही तिला एक रविवार देताय.

कोट्याबद्दल मात्र तुमचा पुरता गैरसमज आहे, आणि तो उलट्या बाजूने आहे. बक्षिसाचे पैसे घेतले म्हणून खेळाडू बाद होण्याचे दिवस गेले. ॲथलेटिक्समधलं ते सोवळं १९८० च्या दशकातच सैल झालं. करार केला म्हणून तिचा हक्क जात नाही. महाराष्ट्रात खेळाडूंना शासकीय नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, पण तिथे चालतं ते मान्यताप्राप्त संघटनेच्या राज्य किंवा राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेतलं पदक, आणि त्या प्रमाणपत्राची क्रीडा विभागाकडून पडताळणी होते. खासगी रोड रेसची ट्रॉफी कितीही उंच असली तरी तिथे तिला किंमत नाही. म्हणजे धोका पैशाचा नसून तारखांचा आहे. बक्षिसांच्या मागे दर रविवारी रस्त्यावर पळत राहिली आणि राज्य स्पर्धेला दमलेली पोचली, तर कोटा खरंच जाईल. करारात हेच आधी बघा : वर्षात किती शर्यती सक्तीच्या आहेत, राष्ट्रीय स्पर्धेची तारीख आडवी आली तर काय, दुखापत झाली तर पैसे थांबतात का. आणि नुसत्या रोड रेसवर घर चालेल असंही समजू नका. बक्षीस पहिल्या काही जणींनाच मिळतं. बहुतेकींना रेल्वेची किंवा पोलिसातली नोकरी सांभाळते.

एमपीएससीला खुल्या गटालाही ३८ वर्षांपर्यंत बसता येतं. पदवी पूर्ण होऊ द्या, तो विषय मग काढू.

खरी काळजीची गोष्ट तुम्ही शेवटच्या ओळीत, जाता जाता लिहिलीत. आठवड्याला शेकडाभर किलोमीटरच्या घरात पळणारी मुलगी रात्रीची जेवत नसेल, तर शर्यत, करार, क्लास सगळं बाजूला ठेवा. खाणं कमी आणि सराव तेवढाच, असं चाललं की आधी पाळी अनियमित होते, मग थांबते, आणि पाठोपाठ हाडं ठिसूळ व्हायला लागतात. नडगी दुखतेय म्हणून मुली बाम चोळत बसतात आणि एक्स-रेत बारीक तडा निघतो. कधी कधी तोही सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाही. पाळीबद्दल तिच्या आईला मोकळेपणी विचारू द्या. तुम्ही नका विचारू, ती खोटं सांगेल. याच आठवड्यात खेळाडू तपासणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. हिमोग्लोबिन, शरीरातला लोहाचा साठा आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. जिमवाल्याने दिलेली पावडर घरात असेल तर तीही दाखवा. उत्तेजक चाचणीत काही सापडलं तर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटका होत नाही.

डॉक्टर थांब म्हणाले तर ही रेस सोडायची. कोचना ते तुम्ही सांगा, तिच्यावर टाकू नका. पळ म्हणाले तर अट आजच मागे घ्या, आणि तिच्या तोंडावर घ्या, आईमार्फत निरोप नको. करार मला दाखवायचा असेल तर सही करायच्या आधी पाठवा.