मेंदी गुरुवारी काढा, हळदीच्या दिवशी नको, आणि काळा कोन तर घरात आणूच नका

ताई, तुमचा प्रश्न सकाळीच वाचला, लग्नाचं घर आहे म्हणून लगेच लिहायला बसले. तुम्ही लिहिलंय की धाकट्या बहिणीचं लग्न सेलूजवळच्या गावात रविवारी आहे, शनिवारी संध्याकाळी हळद, आणि पार्लरवाली म्हणायलीय की शनिवारी दुपारीच मेंदी काढू, इन्स्टंट कोन आहे, अर्ध्या तासात काळाभोर रंग. मग आठ महिन्यांच्या भाच्याच्या पायाला ठिपका लावायचा का हे विचारलंय, आणि शेवटी एका ओळीत आईचं विचारलंय. आईचं मी शेवटी सांगते, पण सगळ्यात मन लावून तेच वाचा.

आधी वार. रविवारी लग्न असेल तर नवरीची मेंदी गुरुवारी संध्याकाळी. मी आमच्या खानदानात वीस-बावीस वर्षं मेंदी काढायलेय, माझ्या सख्ख्या नणंदांपासून त्यांच्या लेकींपर्यंत, आणि ज्या ज्या वेळी रंग फिका आला त्या त्या वेळी कारण घाईच होतं. मेंदीच्या पानात लॉसोन म्हणून रंग देणारा पदार्थ असतो, तो आपल्या कातडीतल्या केराटीनला जाऊन चिकटतो. मेंदी खरवडली की पहिल्यांदा रंग नारिंगी दिसतो, एकदम गाजरासारखा, आणि घरातल्या बाया लगेच म्हणतात अगंबाई रंगलीच नाही. तो नारिंगी रंग हवेनं हळूहळू गडद होत जातो, त्याला चोवीस ते अठ्ठेचाळीस तास लागतात. म्हणजे गुरुवारी रात्री लावली, शुक्रवारी सकाळी काढली, की रविवारी अक्षदांच्या वेळेला हात बरोब्बर गडद असणार. शनिवारी दुपारी खरी मेंदी लावली तर रविवारी हात नारिंगीच राहतील, म्हणून तर ती इन्स्टंटचा कोन पुढं करायलीय.

दुसरं कारण चुड्याचं आहे, हे कुणी सांगत नाही. कासार हिरवा चुडा भरताना साबणाचं पाणी लावून हात दाबून दाबून बांगडी चढवतो. ताज्या मेंदीवर साबण आणि तो चोळा बसला की मनगटावरची आणि अंगठ्याजवळची सगळी नक्षी पुसट होते, आणि चुडा आधी भरला तर मेंदीवालीला मनगटावर जागाच राहत नाही, बांगड्यांना ओली मेंदी लागून लगदा होतो तो वेगळाच. म्हणून गुरुवारी मेंदी आणि शनिवारी सकाळी चुडा. कासाराला आधीच सांगून ठेवा की साबण नको, तेल लावून भर, ते भरतात तसं. मग संध्याकाळी हळद. हळदीनं मेंदीला काही होत नाही, नुकसान होतं ते नंतर डाळीचं पीठ आणि साबण लावून खसाखसा घासतात त्यानं. हळदीच्या आधी नवरीच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत तेलाचा हात फिरवा आणि करवल्यांना सांगा, तोंडाला, खांद्याला, पायाला काय लावायची ती लावा, तळहात सोडा. वॅक्सिंग वगैरे करायचं असेल तर बुधवारपर्यंत उरकून घ्या, मेंदीनंतर नाही, वरची कातडी गेली की रंग पण तिच्यासोबत जातो.

आता तो काळा कोन. इथं मी जरा जास्तच लिहिणार आहे, माफ करा. माझ्या बहिणीच्या लेकीला, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, मामाच्या लग्नात एका पार्लरमध्ये काळ्या रंगाची आऊटलाईन काढून दिली. वीस मिनिटांत काळीकुट्ट, सगळ्या पोरी खूश. तिसऱ्या दिवशी हात खाजायला लागला, चौथ्या दिवशी जिथं जिथं काळी रेघ होती तिथं तिथं पाण्यानं भरलेले फोड, अक्षरशः वेलबुट्टीच फोडांची उठलेली. कातडीच्या डॉक्टरनं विचारलं, काय लावलं होतं, आणि ऐकूनच म्हणाले की ही मेंदी नव्हेच. केसांच्या काळ्या डायमध्ये पीपीडी नावाचं केमिकल असतं, तेच मिसळलेलं असतं. डायच्या डब्यावर सुद्धा लिहिलेलं असतं की आधी कानामागं लावून दोन दिवस बघा, आणि इथं तर थेट हातभर लावायलेत. पोरीच्या हातावरचे डाग जायला कित्येक महिने लागले आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता आयुष्यात केसांना डाय लावायचा नाही, एकदा अंगाला हे चाललं नाही की पुन्हा कधी चालत नसतं. एकोणीस वर्षांचं लेकरू, एका हौसेसाठी.

त्यामुळं एवढं पक्कं ध्यानात ठेवा की खरी मेंदी कधीच काळी नसते आणि अर्ध्या तासात रंगत नसते. तिचा रंग नारिंगी, मग विटकरी, मग गडद चॉकलेटी, बस. कोनाला पेट्रोलसारखा, रॉकेलसारखा भपकारा येत असेल तर परत करा. पार्लरवालीचं मन मोडायचं नसेल तर तिला म्हणा, काढायला तूच ये, कोन आम्ही देतो. चांगली कलाकार असेल तर ती हो म्हणते.

कोन घरी करणं काही अवघड नाही. पावडर ताजी आणि हिरवी घ्या, तपकिरी झालेली नको. राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातल्या सोजतची मेंदी नावाजलेली आहे, तिला 2021 मध्ये जीआय टॅग (अमुक माल अमुक भागातलाच, याची सरकारी ओळख) पण मिळालाय, पाकिटावर बघून घ्या, आणि केसांची मेंदी आणू नका, ती जाड असते, कोनात अडकते. शंभर ग्रॅम पावडर जुन्या ओढणीतून दोनदा चाळायची, त्यात दोन-तीन चमचे साखर, तीसेक मिली नीलगिरीचं तेल (मेडिकलमधलं, मेंदी तेल म्हणून मिळतं ते नको), आणि लिंबाचा रस किंवा साधं पाणी घालत घालत इडलीच्या पिठापेक्षा जरा घट्ट भिजवायची. वर प्लास्टिक चिकटवून झाकून ठेवा. पुस्तकी हिशोबात आठ-दहा तास सांगतात पण ते थंड गावचं गणित आहे, आमच्याकडं मे महिन्यात घरातच चाळीसच्या आसपास तापतं, चार-पाच तासांत रंग सुटतो आणि तसंच दिवसभर बाहेर राहिलं तर मेंदी मरते. तळहातावर ठिपका लावून पाच मिनिटांनी पुसा, नारिंगी डाग पडला की तयार. कोन भरून थेट फ्रीजरमध्ये. लाईटचा भरवसा नसेल तर बर्फ टाकलेल्या थर्मासमध्ये ठेवा. शंभर ग्रॅममध्ये बारा-तेरा कोन होतात, नवरीला दोन्ही हात कोपरापर्यंत आणि पाय धरून सात-आठ लागतात, बाकीचे करवल्यांना.

आणि लावताना कूलरच्या एकदम तोंडासमोर बसवू नका, मेंदी फटाफटा वाळून पडते. ती जितका वेळ ओलसर राहील तितका रंग उतरतो, म्हणून वाळत आली की लिंबू-साखरेचं पाणी कापसानं हलकं टिपायचं, सात-आठ तास ठेवायची, रात्रभर ठेवली तर सोन्याहून पिवळं. खरवडताना पाणी नाही, चाकूच्या बोथट बाजूनं काढा आणि करडईचं नाहीतर खोबरेल तेल चोळा, बारा तास तरी पाणी लागू देऊ नका. लवंगांची धुरी द्या, चालते, उबेनं मदत होते. पण आमच्याकडं काही बाया वरून चुना चोळतात, ते नको, कातडी भाजते. तळहाताची कातडी जाड म्हणून तिथं रंग गडद, हाताच्या मागच्या बाजूला आणि दंडाकडं फिका, हे सगळ्यांचंच असतं. खुरपणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या बायांच्या तळहाताला जो रंग चढतो ना, तसा कॉलेजच्या पोरीला कधी चढत नाही. माझ्या आजीला तर झुडपाचा पाला पाट्यावर वाटून फक्त तळहाताला चांद आणि बोटांना टोप्या एवढंच असायचं, तरी हात असा पेटल्यासारखा लाल दिसायचा.

भाच्याचं म्हणाल तर ठिपका सुद्धा नको. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं, घरच्यांना माहीत पण नसतं, आणि अशा लेकराला मेंदी लागली तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते, जिवावर बेतू शकतं. मावशीच्या लग्नात कुंकवाचा टिळा लावा की.

आता आई. तुम्ही लिहिलंय की वडील जाऊन दोन वर्षं झाली आणि चुलत्या म्हणायल्यात की तिनं मेंदीला हात लावू नये, नवरीला अपशकुन होतो, आणि आई पण ‘मला नको’ म्हणते. ताई, ती नको म्हणते कारण तिला वाटतं आपल्यावरून लेकीच्या लग्नात बोलणं नको. माझ्या आईला माझ्या धाकट्या बहिणीच्या मेंदीच्या दिवशी स्वयंपाकघरात बसलेलं मी पाहिलंय, पाहुण्यांचा चहा करत, आणि मी तेव्हा काही बोलले नाही. ते मला आजपर्यंत खातंय. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवा प्रथा बंद केल्या, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं सगळं, आणि मग सरकारनं राज्यातल्या बाकी गावांना पण तसं करा म्हणून परिपत्रक काढलं. चुलत्या काही म्हणाल्या तर हे सांगा, एक अख्खं गाव बसून ठरवू शकतं तर आपलं एक घर पण ठरवू शकतं. पण भांडू नका, लग्नघर आहे. त्यापेक्षा नवरीलाच म्हणू द्या की पहिला कोन आईच्या हातावर, मग माझ्या. लेकीनं मागितलं की माय नाही म्हणत नसते.

मेंदीवालीला सहाची वेळ देणार असाल तर आईसाठी चारला बोलवा. पाहुणे जमले की आई उठून कामाला लागेल आणि मग हातात घावणार नाही. मोठी डिझाईन नको, तळहाताला एक चांद, भोवती ठिपके, बोटांना टोप्या, वीस मिनिटांचं काम आहे. आणि त्या संध्याकाळी तिला कुणीतरी हातानं भरवा, चहाची किटली दुसऱ्या कुणाकडं द्या, नाहीतर ती तासाभरात धुऊन टाकेल.