पूर्वग्रह, डावं-उजवं आणि पायरी

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत रविवारी मराठीचा वर्ग घेणाऱ्या एका ताईंच्या वर्गातली मुलं सध्या शाळेत इंग्रजीच्या तासाला हार्पर ली यांची 'टु किल अ मॉकिंगबर्ड' वाचतायत, ताईंनी ठरवलं की त्यावर मराठीत गप्पा मारू म्हणजे घरी आजी-आजोबांनाही सांगता येईल, आणि पहिल्याच वाक्याला गाडी अडली. प्रेज्युडिसला पूर्वग्रह म्हणायचं का पूर्वाग्रह? रेसिझमला वंशवाद, वर्णद्वेष का वर्णभेद? आणि जाता जाता, मॉकिंगबर्डला मराठीत काही नाव आहे का?

ताई, सोपं आधी उरकून टाकू. मराठीत पूर्वग्रह. पूर्वाग्रह हिंदीतून येतो, पूर्व अधिक आग्रह. चूक नाही म्हणणार मी, पण आग्रह म्हटलं की आपल्याला पंगत आठवते, अजून एक जिलबी घ्याच वगैरे. पूर्वग्रहात नुसता ग्रह आहे, म्हणजे पकड. ग्रहण, संग्रह, पाणिग्रहण सगळीकडे तोच धातू. आणि ग्रह हा शब्द बोलीतही जिवंत आहे, 'माझ्याबद्दल कुणीतरी तुझा वाईट ग्रह करून दिलाय' असं आपण सर्रास म्हणतो. त्यामुळे मुलांना फोड करून सांगायला पूर्वग्रह फार सोयीचा, भेटायच्या आधीच मनाने धरलेली पकड. पूर्वग्रहदूषित लिहिताना दू दीर्घ, आणि मधला ग्रह गाळून 'पूर्वदूषित' लिहू नका, तसं लिहिलेलं वाचलं की मला धुवायला टाकलेली चादर डोळ्यासमोर येते.

इंग्रजी शब्दाचं मूळ मात्र वेगळं आणि या कादंबरीला जास्त चपखल. लॅटिनमध्ये प्राय म्हणजे आधी आणि युडिकियम म्हणजे निवाडा, मूळचा कोर्टातलाच शब्द. आधीच लावलेला निकाल! आणि या पुस्तकाचा कणा तर एक खटलाच आहे.

गोष्ट 1930च्या दशकातली, अलाबामातलं मेकॉम्ब नावाचं काल्पनिक गाव, सांगणारी स्काउट नावाची लहान मुलगी. तिचे वडील अॅटिकस फिंच वकील, आणि त्यांच्याकडे केस येते टॉम रॉबिन्सन या काळ्या माणसाची, एका गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप. आता पुरावा बघा. मायेला नावाच्या या मुलीच्या चेहऱ्याची उजवी बाजू सुजलेली होती, म्हणजे समोरून मारणारा बहुतेक डावखुरा. टॉमचा डावा हात लहानपणी कापसाच्या जिनिंग मशीनमध्ये सापडून कायमचा निकामी झालेला. आणि मुलीचा बाप बॉब यूएल, त्याला अॅटिकस भर कोर्टात कागदावर नाव लिहायला लावतात तर तो डाव्या हाताने लिहितो. एवढं सगळं उघड्या डोळ्यांसमोर असून ज्यूरी टॉमला दोषी ठरवते.

मला हे वाचताना प्रत्येक वेळी आपला 'डावं-उजवं करणं' हा वाक्प्रचार आठवतो. 'मुलांमध्ये डावं-उजवं करू नये', 'वाढताना डावं-उजवं करते ती' हे तुमच्या वर्गातल्या मुलांच्या आज्या रोज म्हणत असतील. डिस्क्रिमिनेशनला आपण भेदभाव म्हणतो, बरोबरच आहे, पण तो पाठ्यपुस्तकातला शब्द झाला. डावं-उजवं घरातला. आणि इथे गंमत बघा (गंमत कसली म्हणा), ज्या ज्यूरीने डावा हात आणि उजवा हात एवढंच बघायचं होतं तिने ते सोडून दुसरंच डावं-उजवं केलं. हे वाक्य मुलांना एकदा सांगून बघा, खटला आणि वाक्प्रचार दोन्ही एका दमात लक्षात राहतील.

प्रेज्युडिससाठी कुणी अढी, आकस असेही शब्द सुचवतील, मी ते घेणार नाही. अढी बसते ती काहीतरी घडल्यावर, कुणी लग्नात नीट विचारलं नाही म्हणून वीस वर्षं अढी. आकसालाही मागे काही इतिहास लागतो. टॉमचं त्या ज्यूरीशी काहीच वाकडं नव्हतं. पूर्वग्रहाला समोरचा माणूस माहीत असायची गरजच नसते, म्हणून तिथे तोच शब्द हवा.

वर्गात वाचायला एकच प्रसंग निवडायचा झाला तर खटला नको, तो मुलांनी शाळेत शंभरदा चघळलेला असणार. सव्विसावं प्रकरण घ्या. स्काउटच्या वर्गात चालू घडामोडींचा तास चाललाय, एक मुलगा हिटलर ज्यूंचा कसा छळ करतो ते सांगतो, आणि मिस गेट्स नावाच्या बाई फळ्यावर डेमोक्रसी लिहून मुलांना समजावतात की आपल्याकडे आपण कुणाचा छळ करत नाही, छळ करतात ती पूर्वग्रह असलेली माणसं. आणि तो प्रेज्युडिस शब्द बाई परत एकदा, नीट, सुटा उच्चारून सांगतात. म्हणजे तुम्ही मला जो शब्द विचारलाय तोच शब्द या पुस्तकातल्या एक बाई वर्गात शिकवतायत! आणि मग स्काउट घरी येऊन भावाला विचारते, की खटल्याच्या दिवशी याच बाई कोर्टाच्या पायऱ्या उतरताना शेजारणीला म्हणत होत्या, बरं झालं, कुणीतरी या काळ्यांना धडा शिकवायलाच हवा होता, फार चढून गेलेत, उद्या आपल्याशी लग्नं करायला निघतील. हिटलरचा एवढा राग येणारा माणूस आपल्याच गावातल्या लोकांशी असं कसं वागतो?

बाईंचं ते 'फार चढून गेलेत' मी मराठीत 'पायरी सोडून वागायला लागलेत' असं करेन. पायरी हा आपला फार भेदक शब्द आहे. 'आपली पायरी ओळखून असावं', 'पायरीने राहा'. जिना कुणी बांधला, कुणाला खालची पायरी कुणी दिली, यातलं काही न विचारता तो शब्द सगळी उतरंड गृहीत धरतो. बाई बोलतात ते सुद्धा पायऱ्यांवरच, हा योगायोग इंग्रजीत तसा दिसत नाही, मराठीत आणलं की दिसतो.

आणि पायरी एकदा मुलांच्या डोक्यात बसली की खटल्यातली सगळ्यात अवघड जागा सुटते. टॉम साक्षीत सांगतो की मी त्या मुलीची कामं फुकट करून द्यायचो, कारण मला तिच्याबद्दल वाईट वाटायचं. सरकारी वकील ते वाक्य तिथल्या तिथे पकडतो, तुला, हिच्याबद्दल वाईट वाटायचं? आणि तिथे केस हातची जाते. आजच्या मुलांना कळतच नाही की यात एवढं काय चुकलं त्याचं, उलट चांगलाच होता की तो. तर मराठीत त्या जागी 'कीव' वापरून बघा. कीव वरच्या पायरीवरून खाली येते, श्रीमंत गरिबाची कीव करतो, उलट होत नाही. खालच्या पायरीवरच्या माणसाने वरच्याची कीव केली म्हणजे त्याने अख्खा जिनाच उलटा करून दाखवला, आणि त्या कोर्टात हा गुन्हा बलात्कारापेक्षा मोठा होता असं वाटावं इतपत त्याचा परिणाम होतो.

आता रेसिझम. वर्तमानपत्री मराठीत दक्षिण आफ्रिकेच्या निमित्ताने वर्णद्वेष हा शब्द इतका रुळला की आपण तो सगळीकडे वापरतो. माझी तक्रार त्यातल्या द्वेषावर आहे. द्वेष म्हटलं की लाल डोळे, आवळलेल्या मुठी. मिस गेट्स बाई तशा नाहीत, मुलांशी गोड बोलतात, ज्यूंसाठी हळहळतात. त्यांना द्वेष्ट्या म्हटलं तर कुणी मानणार नाही, त्या स्वतः तर नाहीच. म्हणून बॉब यूएलला वर्णद्वेष्टा म्हणा, पण कोर्टात काळ्यांनी वरच्या गॅलरीत बसायचं आणि ज्यूरीत सगळे गोरेच असायचे, ही जी बसलेली घडी आहे तिला वर्णभेद. वंशवाद हा या दोन्हींना कवेत घेणारा शब्द म्हणून चालेल, फक्त हिंदी बातम्या बघणाऱ्या आजोबांना तो राजकारणातली घराणेशाही वाटू शकतो, त्यांच्याकडे वंशवादाचा अर्थ तोही होतो. आणि वर्ण म्हटल्यावर घरात कुणीतरी चातुर्वर्ण्य काढणारच. काढू द्या. जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' लिहिलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं, तेव्हा ही दोन टोकं जोडणारे आपण काही पहिले नाही.

एक जागा मला स्वतःला सुटलेली नाही, ती पण सांगतो. स्काउट शाळेत ऐकून तो काळ्यांसाठीचा शिवीवजा शब्द, ज्याला तुमची मुलं एन-वर्ड म्हणतात, घरी वापरते. अॅटिकस म्हणतात असं बोलू नये, आणि कारण एका शब्दात देतात, ते 'कॉमन' आहे. आता हे कॉमन मराठीत कसं आणायचं? सामान्य म्हटलं तर अर्थच गेला. 'गावंढळ' म्हटलं तर खेड्यातली माणसं बदनाम. 'हलक्या लोकांची भाषा' म्हटलं तर टोन अगदी बरोब्बर लागतो, आमच्या घरी शिवी दिली की हेच ऐकायला मिळायचं, पण हलके लोक म्हणजे कोण हे कुणी विचारलं की जात येतेच. म्हणजे एका पूर्वग्रहाला गप्प करायला दुसरा पूर्वग्रह वापरायचा. पण नीट बघितलं तर इंग्रजीतही अॅटिकस तेच करतायत, ते शब्द क्रूर आहे असं म्हणत नाहीत, आपल्यासारख्यांना शोभत नाही असं म्हणतात. मी 'हलकं बोलणं' ठेवेन आणि वर्गात त्यावर दहा मिनिटं घालवेन. मूळ शब्द मात्र मोठ्याने वाचू नका, ओळीत तिथे थांबून पुढे जा. 2017 साली मिसिसिपीतल्या बिलॉक्सी गावात आठवीच्या वर्गातून हे पुस्तक काढलं होतं ते भाषेने लोकांना अस्वस्थ वाटतं म्हणूनच. पुस्तक काढणं मला पटत नाही, पण ज्या मुलाला तो शब्द लागतो त्याच्या समोर आपण मजेत उच्चार करून दाखवायचा हेही नाही.

आणि पूर्वग्रहाचा गृहपाठ द्यायचा असेल तर मुलांना म्हणावं घरी आठवडाभर 'पण' आणि 'असूनही' मोजा. 'रंगाने सावळी आहे पण नाकीडोळी नीटस.' 'काळा असूनही किती सभ्य आहे तो शेजारी.' हे दुसरं वाक्य मी तुमच्याच बाजूला एका नातेवाइकांच्या घरी ऐकलंय, चांगल्या मनाने म्हटलेलं, वर माझ्या पानात अजून एक पुरणपोळी वाढत. त्यात शिवी नाही, द्वेष नाही, एक शब्द सुद्धा वाईट नाही. फक्त ते 'असूनही' काढून टाका आणि वाक्य परत वाचा.

राहिला मॉकिंगबर्ड. तो अमेरिकेतला पक्षी, आपल्याकडे नाही त्यामुळे नावही नाही. दुसऱ्या पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करणारा आपल्याकडचा म्हणजे कोतवालाच्या जातीतला भृंगराज, लांब शेपटीचा. पण पुस्तकातलं 'मॉकिंगबर्डला मारणं पाप आहे' हे वाक्य आजीला 'भृंगराजाला मारणं पाप आहे' असं सांगितलंत तर ती आधी केसांच्या तेलाची बाटली शोधेल. मॉकिंगबर्डच राहू द्या.