वेमोर्कला जाताय, तर आधी जनित्रांचं दालन बघा

तुम्ही विचारलंय की नॉर्वेत आठ दिवस आहात, सोबत आई आणि पाचवीतला मुलगा आहे. मग ओस्लोहून रियुकानजवळचं वेमोर्कचं जुनं वीजघर बघायला एक अख्खा दिवस द्यावा का, की तिथे नुसती युद्धाचीच गोष्ट आहे?

नक्की द्या. मी दोनदा गेलोय. पहिल्या खेपेला सगळ्यांसारखाच जड पाण्याच्या (ज्यातला हायड्रोजन नेहमीपेक्षा जड असतो अशा पाण्याच्या) दालनात रमलो आणि मूळ गोष्ट बघायची राहिली.

हे वीजघर १९११ साली सुरू झालं. क्षमता १०८ मेगावॅट, तेव्हा जगात सर्वांत मोठं. साधारण ३०० मीटर उंचीवरून नळांतून पाणी खाली यायचं आणि दहा जनित्रं फिरायची. ती आजही एका रांगेत उभी आहेत. १९७१ला काम थांबलं, नवं केंद्र डोंगराच्या पोटात गेलं आणि १९८८पासून इथे संग्रहालय आहे.

त्या रांगेसमोर मुलाला विचारा, एवढी वीज कुणासाठी? आपल्याकडे लोणावळ्याच्या तलावांचं पाणी घाटाखाली उतरवून टाटांचं खोपोलीचं केंद्र १९१५ साली सुरू झालं, ते मुंबईच्या गिरण्यांसाठी. या अरुंद दरीत मात्र ना गिरण्या होत्या, ना शहर. इथे विजेच्या ठिणगीतून हवेतला नायट्रोजन पकडून खत बनवलं जायचं! बिर्केलांड आणि आयडे या दोघांची ही रीत. तिला वीज अफाट लागायची, म्हणून कारखानाच धबधब्यापाशी आला. रियुकान गाव वसलं ते त्यातूनच.

पुढे खतासाठी अमोनिया बनवायची स्वस्त रीत आली. तिला हायड्रोजन हवा, म्हणून वीजघरासमोरच पाण्याचं विघटन करणारा कारखाना उभा राहिला. विजेने पाणी फोडताना साधं पाणी आधी फुटतं, जड पाणी मागे उरत जातं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांना अणुसंशोधनासाठी हवं होतं ते हेच. फेब्रुवारी १९४३मध्ये नॉर्वेजियन तरुणांनी गोठलेली नदी ओलांडून, कडा चढून जड पाणी बनवणारं यंत्र उडवलं, एकही गोळी न झाडता. जनित्रं आधी बघितलीत की ही गोष्ट कितीतरी नीट कळते. तो कारखाना १९७७ला पाडला, पण त्याचं तळघर मातीखालून उकरून काढलंय. ते चुकवू नका. त्याच्या फेरीच्या वेळा आधीच विचारून ठेवा.

गाडी झुलत्या पुलाजवळ लावून पुढे चढाने चालावं लागतं. आईंचे गुडघे दुखत असतील तर वर सोडायची सोय होईल का, ते संग्रहालयाला आधी विचारा. परतताना गावातल्या क्रोसोबाननमध्ये बसा. हिवाळ्यात दरीत सहा महिने ऊन पोचत नाही, म्हणून गावकऱ्यांना वर जाऊन ऊन खाता यावं यासाठी खत बनवणाऱ्या नॉर्स्क हायड्रो कंपनीने १९२८ साली हा दोरमार्ग बांधून दिला. आईंना तो फार आवडेल.