घागर चार नंबर पुढं

ताई, मी लातूरची. नीटचं एक वर्ष रिपीट केलं, आता ते सोडून अमेरिकेतल्या कॉलेजांना अर्ज करतेय. त्यासाठी निबंध लागतो. माझा एक मसुदा काकांच्या आत्महत्येवर आहे. ओळखीचे एक सर म्हणतात, हाच टाक, वाचणारा रडेल. दुसरा नीटच्या पेपरासारखा लिहिलाय, प्रश्न आणि खाली चार पर्याय. तो सोबत जोडलाय. आई म्हणते, साधं लिही. किती धाडस करू? (दुष्काळात मी टँकरच्या रांगेत आमची घागर गुपचूप चार नंबर पुढं सरकवली होती आणि शेजारच्या आजींना पाणी पुरलं नव्हतं. असलं काही सोडलं तर माझ्याकडं लिहिण्यासारखं काही नाही.)
– अडकलेली, लातूर

पोरी, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या कंसापाशीच थांबले.

काकांचा मसुदा बाजूला ठेव. ते दुःख आधी काकूचं आहे, आणि तिला विचारल्याचं पत्रात कुठं दिसत नाही. उद्या त्याच सरांनी तो नमुना म्हणून व्हॉट्सअॅपवर फिरवला तर? काकूनं तो कुणाच्या तरी मोबाइलवर वाचायचा का? घरावर काय ओढवलं हे सांगायला अर्जात जादा माहितीची वेगळी जागा असते. तिथं चार सरळ वाक्यांत लिही, तेही काकूला विचारून.

पेपरवाला मसुदा वाचून हसले, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या प्रश्नाला मात्र कंटाळले. शिवाय बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकलं की एक वजा, हे तिकडच्या वाचणाऱ्याला समजावण्यातच तुझे शब्द जातील. कॉमन अॅपवर, म्हणजे एकाच अर्जानं अनेक कॉलेजांत अर्ज करायच्या संकेतस्थळावर, मुख्य निबंधाला जास्तीत जास्त ६५० शब्द मिळतात, आणि तोच एक निबंध सगळीकडं जातो.

आता घागर. २०१६ साली तू असशील सात-आठ वर्षांची. मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्याआधी पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावली होती. रेल्वेवर कुणीही लिहील, ती साऱ्या गावाची. चार नंबर पुढं गेलेली घागर तुझ्या एकटीची आहे. कोणत्या रंगाची होती? सरकवताना फरशीवर आवाज झाला का? आजी काही बोलल्या, की रिकामी कळशी घेऊन नुसत्या परत गेल्या? त्या दिवशी तू घरी पाणी प्यालीस तेव्हा काय वाटलं? हे लिही, आणि आई म्हणते तसं साधंच लिही.

आपल्याकडं नंबर या शब्दाला केवढं वजन! आधी टँकरचा नंबर, मग टेस्ट सिरीजमधला नंबर. एका रांगेत तू घुसलीस, दुसरीतून स्वतःहून बाहेर पडलीस. हे मी जोडून पाहिलं हं, तुला पटलं तरच घे.

लबाड समजतील अशी भीती वाटत असेल. मागच्या वर्षी परीक्षेत कॉपी केल्याचं लिहिणार असतीस तर मीच हात धरला असता. सात-आठ वर्षांच्या पोरीची चूक सतरा-अठराव्या वर्षी न लपवता सांगितलेली कुणाला खटकेल असं मला वाटत नाही. फक्त शेवटी 'तेव्हापासून मी प्रामाणिक झाले' असलं काही चिकटवू नकोस. तसं झालंही नसणार. आज त्या गोष्टीकडं बघताना काय टोचतं, तेवढं पुरे.

बऱ्याच कॉलेजांची नेहमीची मुदत जानेवारीच्या सुरुवातीला असते, लवकरच्या फेरीची १ नोव्हेंबरच्या आसपास. ज्याची त्याची तारीख बघून घे. मसुदा झाला की सरांच्या आधी आईला वाचून दाखव. घागरीची गोष्ट तिला तरी ठाऊक आहे का?

आणि त्या आजी अजून शेजारीच असतील, तर लिहायला बसण्याआधी एकदा त्यांच्याकडं चहाला जाऊन ये.