शालीवरच्या डीएनएने जॅक द रिपर सापडला का?

प्रश्न: जॅक द रिपर हा १८८८ मध्ये लंडनमध्ये बायकांचे खून करणारा, कधीच न सापडलेला खुनी. त्याच्या बळींपैकी कॅथरीन एडोजची म्हणून सांगितल्या जाणाऱ्या शालीवरच्या डीएनएवरून रिपर म्हणजे तेव्हाचा एक संशयित ॲरन कॉस्मिन्स्कीच, हे सिद्ध झालं ना?

उत्तर: नाही. तपासला तो मायटोकॉन्ड्रियल डीएनए, म्हणजे पेशीतल्या मायटोकॉन्ड्रिया या भागातला. तो आईकडून येतो आणि हजारो लोकांत सारखा असू शकतो. त्यावरून संशयिताला वगळता येतं, नेमकं एकाकडे बोट दाखवता येत नाही. २०१४ मध्ये दुर्मीळ म्हणून गाजलेला, शालीवरच्या डीएनएतला ‘३१४.१सी’ नावाचा बदल तर मुळात ३१५.१सी निघाला, जो बहुतेक युरोपीयांत आढळतो!

खरी अडचण शालीचीच आहे. ३० सप्टेंबर १८८८ ला लंडनच्या मायटर स्क्वेअरमध्ये कॅथरीन एडोजचा खून झाला. पोलिसांनी तिच्या सामानाची यादी केली, अगदी साबणाचे सहा तुकडेही टिपले. त्या यादीत ही शाल नाही. म्हणून कुठलाही नवा ‘पुरावा’ आला, की आधी तो १८८८ च्या नोंदींशी ताडून पाहावा. प्रयोगशाळेचा अहवाल त्यानंतर.