पहिला मार्टिन दिसला, आता पुढे काय? – वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात अंगणात येणाऱ्या पर्पल मार्टिनवर लिहिलं आणि पत्रांचा ढीग आला, बहुतेक अमेरिकेतल्या आपल्या मंडळींची. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हा भिंगरी कुळातला उत्तर अमेरिकेतला सगळ्यात मोठा पक्षी, थंडीत ब्राझीलकडे असतो, वसंतात परत येतो, आणि रॉकी पर्वताच्या पूर्वेला तो आता जवळजवळ पूर्णपणे माणसांनी लावलेल्या घरांत नाहीतर टांगलेल्या पोकळ भोपळ्यांतच अंडी घालतो. (भोपळ्यांची पद्धत चोक्टॉ आणि चिकासॉ लोकांची, खूप जुनी, हल्ली भोपळे प्लास्टिकचे मिळतात.) अशी वसाहत सांभाळणाऱ्याला तिकडे लँडलॉर्ड म्हणतात, भाडं अर्थातच शून्य. आता प्रश्न.

प्रश्न: नोव्हेंबरात खांब उभा केला, भोपळे टांगले, सगळं सांगितल्याप्रमाणे. फेब्रुवारीच्या शेवटी दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या एका काकांकडे मार्टिन आले, माझ्याकडे एकही नाही. काका म्हणतात आधी 'स्काउट' येऊन जागा बघून जातात आणि पसंत पडली तर बाकीच्यांना घेऊन येतात. मला रिजेक्ट केलं की काय? – एक वाचक, प्लेनो, टेक्सास

नाही हो. ही स्काउटची गोष्ट सगळीकडे ऐकायला मिळते आणि ती चुकीची आहे. कोणी पाहणी करून परत जात नाही, कोणी मागे रिपोर्ट देत नाही. आधी येतात ते वयाने मोठे, एकदोन मोसम काढलेले पक्षी, आणि ते लवकर येतात कारण जो आधी पोचेल त्याला चांगलं भोक मिळतं, एवढंच. हे मोठे पक्षी मागच्या वर्षी जिथे पिल्लं काढली तिथेच परत जातात, त्यामुळे ते काकांच्या खांबावर बसले यात तुमचा काही दोष नाही, त्यांनी तुमचा खांब बघितला तरी ते तिकडेच जाणार.

तुमचं गिऱ्हाईक वेगळं आहे. मागच्या उन्हाळ्यात जन्मलेली पिढी मोठ्यांच्या नंतर चार ते सहा आठवड्यांनी, कधीकधी त्याहून उशिरा यायला लागते आणि नवी वसाहत बसते ती बहुतेक वेळा याच पोरांमुळे, कारण जुन्या ठिकाणी चांगल्या जागा आधीच गेलेल्या असतात. म्हणजे तुमच्याकडची खरी वेळ मार्चअखेर ते मे, आणि लोक नेमके त्याच सुमारास कंटाळून बघणं सोडून देतात. मला विचाराल तर पहिल्या पक्ष्याच्या तारखेचं एवढं कौतुक करायची गरजच नाही, नव्या माणसासाठी पहिल्या तरुण पक्ष्याची तारीख जास्त कामाची. ओळख सोपी आहे, मोठा नर पूर्ण निळा-जांभळा काळपट चमकतो, तरुण नराचं पोट मळकट पांढरं असतं आणि गळ्या-छातीवर गडद पिसांचे ठिपके विखुरलेले असतात, रंगकाम अर्धवट सोडल्यासारखे.

तोपर्यंत भोकं बंद ठेवा. नव्या जागेसाठी नियम असा की तुमच्या भागात पहिले मोठे पक्षी दिसल्यावर साधारण चार आठवड्यांनी उघडायचं. आधी उघडलंत तर चिमण्या आणि स्टार्लिंग (मैनेच्या कुळातला काळा पक्षी) घर भरून टाकतात आणि मग मार्टिन आले तरी त्यांना जागा नाही. आणखी एक, झाडं किती लांब आहेत बघा, चाळीस फुटांच्या आत मोठं झाड असेल तर ससाण्यासारख्या शिकाऱ्यांना लपायला जागा मिळते आणि मार्टिन तिथे येत नाहीत, उलट माणसाचं घर जवळ असलेलं त्यांना चालतं, शंभर फुटांच्या आत तर उत्तमच. आणि पहाटेचं गाणं. मोठे नर उजाडायच्या आधी अंधारात वसाहतीच्या वर उडत गातात, त्याने तरुण पक्षी खाली खेचले जातात, त्याचं रेकॉर्डिंग मिळतं आणि बरेच जण पहाटे स्पीकरवर लावतात. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, सगळ्यांनाच पहाटे साडेचारला संगीत आवडत नाही.

प्रश्न: मी मुलीकडे सहा महिन्यांसाठी आले आहे. जावयांनी मागे पांढरं घर लावलंय आणि दिवसभर घरी मीच, तेव्हा लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे. रोज काळे पक्षी येतात, मी फोन करते, संध्याकाळी फोटो बघून सगळे हसतात. नेमकं ओळखायचं कसं? – एक आजी, एडिसन, न्यू जर्सी

काकू, हसणाऱ्यांना हसू द्या, तो पक्षी नवशिक्या सगळ्यांनाच फसवतो. तुम्हाला दिसतोय तो बहुधा स्टार्लिंग. लॉनवर तुरुतुरु चालत किडे टोचणारा असेल तर तो मार्टिन नव्हेच, मार्टिन खातो ते उडता उडता. वसंतात स्टार्लिंगची चोच पिवळी असते, लांब टोकदार, शेपूट आखूड. मार्टिनची चोच छोटी आणि काळी, पंख लांब, बसला की पंखांची टोकं शेपटीपर्यंत पोचतात, शेपटीला खाच. मादी वरून गडद, पोटाकडे करडी. पोट एकदम स्वच्छ पांढरं आणि अंगाने लहान असेल तर तो ट्री स्वॉलो, तोही सुंदर आहे पण वेगळा. आणि आवाज ऐका, मार्टिनचा आवाज घशातून गुळण्या केल्यासारखा खुळखुळता, एकदा कानात बसला की फोटो लागत नाही.

न्यू जर्सीत एप्रिलचे पहिले दोन आठवडे नीट बघा, त्याआधी आला तर बोनस. दिवसभर खिडकीत बसू नका, सकाळी ऊन आल्यावर आणि संध्याकाळी सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास पुरे. दिवसा ते किडे पकडायला दूर आणि खूप उंच जातात, संध्याकाळी मात्र झोपायला घरात येतात, मोजायची खरी वेळ तीच.

प्रश्न: पुण्यात आम्ही चिमण्यांसाठी खोकी लावायचो, २० मार्चला चिमणी दिन करायचो, आणि इथे मला सांगतात की चिमणीचं घरटं काढून फेका! हे मनाला पटत नाही. खरंच गरज आहे का? – एक वाचक, शार्लट, नॉर्थ कॅरोलायना

हा प्रश्न बऱ्याच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय आणि अस्वस्थ वाटणं साहजिक आहे. चिमणी दिन सुरूच झाला आपल्या नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकारातून, २०१० पासून, आणि चिऊताईचं घर मेणाचं ऐकत मोठी झालेली माणसं आपण.

पण अमेरिकेत ही तीच चिमणी पाहुणी आहे. १८५० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये युरोपातून आणून सोडली आणि ती खंडभर पसरली. स्टार्लिंगचं तसंच, १८९० मध्ये सेंट्रल पार्कमध्ये सोडले. दोघंही भोकात घरटं करतात, दोघंही वर्षभर तिथेच असतात, त्यामुळे मार्टिन हजारो किलोमीटर उडून पोचेपर्यंत यांनी जागा धरलेली असते. चिमणा नर मार्टिनची अंडी फोडतो, पिल्लांना टोचतो, हे लँडलॉर्ड लोक दरवर्षी बघतात. मार्टिनला दुसरीकडे जायला जागा असती तर गोष्ट वेगळी होती, पण पूर्वेकडे तो माणसाच्या घरावरच अवलंबून आहे, त्यामुळे घर लावून चिमण्यांना मोकळं सोडलं तर त्यापेक्षा घर न लावलेलं बरं, हे माझं स्पष्ट मत.

म्हणजे मारायचं का? नाही. काहीजण पकडून मारतात, कायद्याने त्यांना आडकाठी नाही कारण या दोन जातींना तिथे केंद्रीय संरक्षण नाही, पण तुम्हाला ते जमणार नसेल तर करू नका. भोकं वेळेआधी उघडू नका आणि उघडल्यावर दर दोनचार दिवसांनी घर खाली उतरवून गवत-चिंध्यांचं अर्धवट घरटं काढत राहा, अंडी होण्याच्या आधीच, म्हणजे मनालाही त्रास कमी. स्टार्लिंगसाठी अर्धचंद्राच्या आकाराचं भोक मिळतं, उंची साधारण तीन सेंटीमीटर, त्यातून मार्टिन सरपटत जातो आणि स्टार्लिंग अडतो, पण फार नेमकं माप आहे, घरी जिगसॉने कापायला जाऊ नका. चिमणी मात्र त्यातून आरामात जाते, तिच्यावर हाच एक उपाय, लक्ष ठेवणं.

आणि काढण्याआधी घरटं कोणाचं ते पक्कं करा. ट्री स्वॉलो, ब्लूबर्ड, रेन आणि अर्थात मार्टिन, हे सगळे १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याखाली येतात, अंडी किंवा पिल्लं असलेलं त्यांचं घरटं काढून टाकणं गुन्हा आहे. चिमणीचं घरटं म्हणजे गवत, पिसं, प्लास्टिक, कागद, जे सापडेल त्याचा गोळा, वरूनही झाकलेला. मार्टिनचं पसरट, काड्या, थोडा चिखल आणि वर हिरवी पानं.

आणि पुण्यातली खोकी तशीच राहू द्या, तिथे चिमणी घरचीच आहे.

प्रश्न: मी इंजिनिअर आहे, एक्सेल शीट केलीय. तारीख आणि संख्या सोडून अजून काय नोंदवू? ब्राझीलहून इथे यायला त्यांना किती दिवस लागतात? – एक वाचक, नेपरविल, इलिनॉय

शीटला वेगवेगळे कॉलम करा: पहिला मोठा नर, पहिली मादी, पहिला तरुण पक्षी, पहिली रात्र ज्या दिवशी कोणी खरंच मुक्कामाला राहिलं, पहिलं हिरवं पान घरट्यात, पहिलं अंडं. सोबत दिवसाचं कमाल तापमान. आणि एक कॉलम जो कोणीच करत नाही, 'आज बघितलं का?' हो किंवा नाही. कारण तुम्ही फक्त शनिवार-रविवार बघत असाल तर तुमच्याकडे पक्षी दरवर्षी वीकेंडलाच 'येतात', आणि दहा वर्षांनी त्यावरून वसंत लवकर येतोय की उशिरा हे काढायला बसलात तर आकडा पक्ष्यांबद्दल कमी आणि तुमच्या सुट्ट्यांबद्दल जास्त सांगेल. पेनसिल्व्हेनियात ईरीला पर्पल मार्टिन कन्झर्व्हेशन असोसिएशन आहे, ते लोकांकडून पहिल्या आगमनाच्या तारखा गोळा करून नकाशावर मांडतात, तिथे तुमचीही टाका. जानेवारीत फ्लोरिडापासून ठिपके सुरू होतात आणि उत्तरेकडे सरकत मेपर्यंत कॅनडात पोचतात, तुमच्याकडे एप्रिल.

प्रवासाचं उत्तर भारी आहे. कॅनडातल्या यॉर्क युनिव्हर्सिटीच्या ब्रिजेट स्टचबरी यांच्या टीमने २००७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मार्टिनच्या पाठीवर इवलेसे जिओलोकेटर बांधले, ते फक्त उजेडाची वेळ नोंदवतात, त्यावरून जागा काढायची. पुढच्या वर्षी पक्षी परत आले तेव्हा ते काढून वाचले आणि २००९ मध्ये 'सायन्स'मध्ये छापलं. एक मादी ॲमेझॉनच्या खोऱ्यातून साडेसात हजार किलोमीटर १३ दिवसांत घरी आली, मध्ये थांबलेले दिवस धरून! त्याआधी कोणालाही हा वेग खरा वाटला नसता.

जाता जाता, तुमच्याच राज्यात ग्रिग्सविल नावाचं छोटं गाव आहे, स्वतःला देशाची मार्टिन राजधानी म्हणवतं, रस्त्याने ओळीने घरं लावलेली. मार्टिन दिवसाला दोन हजार डास खातो ही जाहिरातही तिकडूनच पसरली, तीही विसरा. तो खातो चतुर, भुंगे, माश्या, उंचावरचे. डास असतात खाली, संध्याकाळी, तोपर्यंत मार्टिन झोपायला गेलेला असतो. तुमच्या डेकवरचे डास तुमचेच.

प्रश्न: मागच्या एप्रिलला पक्षी आल्यावर बर्फ पडला, सगळे एका भोपळ्यात दाटीवाटीने बसलेले. काही खायला घालता येतं का? आम्ही शाकाहारी आहोत. – एक वाचक, अ‍ॅन आर्बर, मिशिगन

तापमान १० सेल्सिअसच्या खाली गेलं की किडे उडत नाहीत आणि मार्टिन स्वतःहून दुसरं काही खात नाही. एक-दोन दिवस निघतात, तीन-चार दिवस सलग असं राहिलं तर पक्षी मरायला लागतात. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत टेक्सास आणि लुइझियानात नुकतेच आलेले खूप मार्टिन गेले, म्हणजे लवकर येण्याचा फायदा आहे तसा जुगारही आहे.

खायला घालता येतं. दुकानात मिळणारे क्रिकेट म्हणजे रातकिडे किंवा मीलवर्म नावाच्या अळ्या आणून, फ्रीझ केलेले असतील तर आधी नीट वितळवून, प्लास्टिकच्या चमच्याने हवेत उडवायचे, पक्ष्यांजवळून. आधी ते घाबरून बघत बसतात, एकाने झेप घेऊन पकडला की बाकीचे शिकतात. मग उंच ताटलीत ठेवलेलंही खातात. किडे घरात आणायचे नसतील तर शिजवलेलं स्क्रॅम्बल्ड अंडं, बारीक तुकडे, मीठ-तेल-तिखट काही नाही. अंडंही चालत नसेल तर मात्र शेजाऱ्याला सांगा, पोहे आणि भात इथे उपयोगाचे नाहीत. हवामानाचा अंदाज बघून किडे आधीच आणून ठेवा, बर्फ पडल्यावर दुकान शोधायला निघू नका.

प्रश्न: नाशिकला असं घर लावलं तर येतील का? – एक वाचक

नाही, पर्पल मार्टिन भारतात येत नाही. तुमच्याकडे साधी भिंगरी येते, हिवाळ्यात, तारांवर ओळीने बसलेली दिसेल, आणि आपल्या तारवाल्या भिंगऱ्या तर पुलांखाली वर्षभर असतात. भिंगरी शेवटची कधी दिसली ती मार्च-एप्रिलमधली तारीख लिहून ठेवा, तीही नोंदच आहे.

प्रश्न: घर खाली उतरवून आत डोकावलं तर आई-बाबा पिल्लं सोडून जातात असं सासूबाई म्हणतात. मग तपासायचं कसं? – एक वाचक, केरी, नॉर्थ कॅरोलायना

मार्टिनच्या बाबतीत तसं होत नाही, बिनधास्त उतरवा, म्हणून तर खांबाला पुली असते. पाच ते सात दिवसांनी एकदा, दुपारच्या आधी, पाऊस-थंडी नसताना. साधारण तीन ते सहा अंडी, १५-१६ दिवसांत फुटतात आणि पिल्लं जवळपास महिनाभराने उडतात. प्रत्येक कप्प्याला नंबर द्या आणि वर चढवताना घर त्याच दिशेला तोंड करून आहे ना बघा, नाहीतर पालक चुकीच्या भोकाशी गोंधळतात. पिल्लं बावीस दिवसांच्या पुढे गेली की उतरवणं बंद, घाबरून वेळेआधीच उडी मारतात. सासूबाईंना पहिल्या तपासणीला सोबत घ्या, लिहायला वही त्यांच्याकडे द्या.