जुन्या घराचं नवं दार: आधी चौकट तपासा

प्रश्न: आमचं घर जुनं आहे. पुढचं लाकडी दार पावसाळ्यात फुगून अडकतं, खालून कुजलंही आहे. चौकटीसकट लोखंडी दार बसवा, असा सल्ला मिळाला. लाकडी दार घेतलं तर टिकेल का?

उत्तर: टिकेल. पण दुकानात जाण्याआधी चौकट तपासा, कारण दार कशाचं घ्यायचं हे तीच ठरवते.

चौकटीच्या दोन्ही उभ्या खांबांना जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून पाहा. कुज आणि वाळवी बहुतेक तिथूनच चढते. टोक सहज आत गेलं, तरी सगळी चौकट काढायची घाई नको. तेवढाच भाग तिरका कापून चांगल्या लाकडाचा सांधा देता येतो. जुनी चौकट उखडताना आजूबाजूचं बांधकाम ढिलं होतं, ते काम दारापेक्षा मोठं ठरू शकतं. लाकूड वरपर्यंत पोकळ वाजत असेल, तरच चौकट बदला.

मग दोन्ही कर्णांवर दोऱ्या ताणा. मध्ये त्या एकमेकींना जेमतेम टेकायला हव्यात. फट राहिली किंवा एक दुसरीला दाबू लागली, तर चौकट पिळलेली आहे आणि कोणतंही सरळ दार वर टेकेल, खाली उघडं राहील. कर्णांच्या लांबीत थोडा फरक असेल, तर लाकडी दार रंधा मारून जुळवता येतं. लोखंडी दाराला ती सोय नाही. म्हणूनच वाकड्या जुन्या चौकटीला आम्ही भरीव लाकडाचं दार सुचवतो.

रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजा. सर्वांत कमी मापातून दोन्ही बाजूंना 3-3 मिमी सोडा. कोरड्या हवेत बसवत असाल तर आणखी 1-2 मिमी, कारण लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. चौकटीची खाचही (बंद दार ज्यात बसतं ती) मोजा: ती जुन्या 30 मिमी दारासाठी असेल तर 35 मिमीचं दार बाहेर डोकावतं.

पॅनेलचं दार (लाकडी चौकटीत पातळ फळ्या बसवलेलं) घेतलंत तर पॅनेल खाचेत मोकळी आहेत ना, हे बघा. गोंदाने पक्की केलेली पॅनेल फुगायला-आकसायला वाव न मिळाल्याने चिरतात.

तुमचं दार खालून का कुजलं असावं? दाराची खालची कड बहुतेकदा रंगवलेलीच नसते. दार टांगल्यावर तिथे हात पोचत नाही आणि पाणी नेमकं तिथून शोषलं जातं. टांगण्याआधी सहाही बाजूंना प्रायमर आणि रंगाचे किंवा पॉलिशचे हात द्या. बिजागरी आणि कुलपाच्या खाचांनाही.

प्रश्न: भरीव दाराला बिजागऱ्या किती?

उत्तर: 7 × 3 फूट, 35 मिमी जाडीचं भरीव सागवानी दार 40 किलोच्या आसपास भरतं. 5 इंची स्टेनलेस स्टीलच्या चार लावा, त्यांपैकी दोन वरच्या भागात, कारण ओढ तिथेच असते. चौकटीत स्क्रू किमान 50 मिमी लांबीचे हवेत. जुनी भोकं मोठी झाली असतील तर त्यांत गोंद लावून लाकडी खुंट्या ठोका, वाळल्यावर नव्याने भोक पाडा. नुसती पुट्टी भरली तर दार लवकरच खाली बसतं.